उताणी चालणारी खेळाडू

१

सत्य एकच असतं आणि ते शेवटी बाहेर येतंच, अशी विनया कारखानीसची श्रद्धा होती. ऑकलंडच्या एका इन्स्टिट्यूटच्या खेळ-शिष्यवृत्ती विभागात लागल्यावर तिनं त्या श्रद्धेत थोडी दुरुस्ती केली. सत्य बाहेर येतं, पण त्याला आधी ड्रॉपडाऊनमधून आपला पर्याय निवडावा लागतो, आणि नेमका तोच पर्याय तिथं नसतो.

२०१९चा ऑगस्ट होता. साउथ ऑकलंडमध्ये गोवराची साथ आली आणि इन्स्टिट्यूटनं हिवाळी सामने रद्द केले. खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळते ती सामन्यांच्या अहवालावर. सामनेच नसतील तर अहवाल कसला द्यायचा, असा प्रश्न कुणीतरी विचारला. त्या वेळी सगळे गप्प बसले असते तर निभावलं असतं, पण त्यावर समिती बसली. समितीनं 'खंडित हंगाम नियम' काढला: सामने नसले तरी प्रत्येक खेळाडूनं सामन्याइतकाच घाम गाळायचा आणि तो गाळल्याचं सिद्ध करायचं. त्यासाठी सगळ्यांना पॉड वाटण्यात आले. पॉड म्हणजे आगपेटीएवढं यंत्र. ते जाकिटात घालून मानेखाली पाठीवर बसवायचं. खेळाडू कुठं गेला, किती हलला, उभा होता की आडवा, हे सगळं ते घरच्या वाय-फायवरून परस्पर कळवतं.

मंगळवारी सकाळी विनयाचा साहेब ग्रॅहम लॅपटॉप उघडाच धरून तिच्या टेबलाशी आला. ग्रॅहम वाईट बातमी नेहमी हसून द्यायचा, त्यामुळे त्याची चांगली बातमी ओळखायला विनयाला दोन वर्षं लागली होती. आज त्यानं माओरी नमस्कारानं सुरुवात केली.

"किया ओरा, विनया! वल्लरी पोंक्षे. हॉकी. पापाटोएटोला राहते. तुमच्याकडचीच ना?"

'तुमच्याकडची' म्हणजे ग्रॅहमच्या लेखी फिजीपासून पेशावरपर्यंतची. पण या खेपेला नेम बरोबर लागला होता.

"तिचं काय?"

"ती घरी विलगीकरणात आहे. वर्गातल्या एका मुलीला गोवर निघाला. हिच्या लशीचा कागद पुण्यात कुठंतरी राहिलाय, म्हणून आरोग्य खात्यानं घराबाहेर पडू नको म्हणून सांगितलं. तिनं आपल्याला तसं कळवलंही आहे. आणि हा तिचा पॉड." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. नकाशावर पापाटोएटोच्या गल्ल्यांतून एक लाल रेघ वळवळत गेली होती. "रोज सकाळी हा घराबाहेर पडतो आणि तासभर हिंडतो."

विनयानं रेघ पाहिली. मुलगी स्वतः हिंडली असेल तर तिनं विलगीकरण मोडलं. दुसऱ्या कुणाकडून पॉड हिंडवला असेल तर अहवाल खोटा. दोन्हींची शिक्षा एकच होती: शिष्यवृत्ती बंद, आणि तिच्यासोबत फिजिओथेरपीच्या कोर्समधली खेळाडूंसाठी राखलेली जागाही गेली.

"शुक्रवारी समितीपुढे जायचंय," ग्रॅहम म्हणाला. "तोपर्यंत तू बोलून घे त्यांच्याशी. तुमच्या भाषेत. आणि हो, एक गंमत सांगायची राहिली. शरीराची स्थिती हा रकाना बघ."

विनयानं पाहिला. पॉडच्या म्हणण्यानुसार वल्लरी पोंक्षे रोज सकाळी तासभर गल्लीबोळांतून हिंडत होती, आणि हा सगळा वेळ ती उताणी झोपलेली होती.

२

विनयाला गोवर लहानपणी नाशिकला येऊन गेला होता. त्याचा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला: त्याच दुपारी ती पोंक्ष्यांच्या घरात बिनधास्त शिरू शकली.

शिरली ती अडखळूनच. पॅसेजमध्ये भिंतीला दोन जाडजूड फोमच्या गाद्या टेकवून ठेवल्या होत्या. घरात पाहुणे दिसतायत, असं मनाशी म्हणत ती सावरली.

"लागलं का हो? किती वेळा सांगितलं तिला, गॅरेजमध्ये ठेव म्हणून!" दार उघडणारी संपदा म्हणाली. ती वल्लरीची आई, पाणीपुरवठ्याच्या कंपनीत इंजिनियर, सध्या मुलीसाठी घरूनच काम करत होती. "या, बसा. हे आमचे बाबा. मकरंदचे वडील. सहा महिन्यांसाठी आलेत."

बाळासाहेब पोंक्षे सोफ्यावर ताठ बसले होते. विनयाला पाहताच त्यांनी शेजारची लांब दांड्याची छत्री पायानं हळूच सोफ्यामागे सरकवली.

"नमस्कार, काका. पुण्याचे का?"

"सदाशिव पेठ," बाळासाहेब म्हणाले. एवढ्यावर चौकशी संपली असं त्यांना वाटलेलं दिसलं. मग त्यांनी भर घातली, "मी घरातच असतो. कुठं जात नाही."

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वल्लरी तिच्या खोलीच्या उंबरठ्यावर मास्क लावून बसली होती, मांडीवर अॅनॅटॉमीचं पुस्तक. एकोणीस वर्षांची, उंच, आणि भयंकर वैतागलेली.

"आंटी, आय हॅव्हन्ट लेफ्ट धिस हाउस. लाइक, अॅट ऑल. आय एम गोइंग मेंटल इन हिअर."

"मग पॉड कसा हिंडतो गं?"

"नो आयडिया! आय डोन्ट ईव्हन रन, आंटी. लाइक, एव्हर."

विनयानं हे आरोपीचं नेहमीचं कांगावखोर उत्तर समजून मनातल्या मनात खोडलं. पण मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. "जागा गेली तर मी काय करू?" हे तिनं मराठीत विचारलं, आणि ते ऐकून संपदाच एकदम घाबरली. घरात वल्लरी मराठीत बोलली म्हणजे परिस्थिती गंभीर असते.

"पॉड असतो कुठं?" विनयानं संपदाला विचारलं.

"चार्जिंगला. बंद पडला तर नियमभंग म्हणे, म्हणून रात्री मीच आठवणीनं लावते."

"आणि सकाळी?"

"सकाळी काढते की. ठेवते नीट."

"कुठं?"

स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली. इतक्या आनंदानं कुकरकडे धावलेली इंजिनियर विनयानं यापूर्वी पाहिली नव्हती.

जाताना तिला देवघर दिसलं. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, वरच्या फळीवर देव मांडले होते. ऑकलंडच्या हिवाळ्यात घरातली सगळ्यात ऊबदार जागा देवांना मिळाली होती. गणपतीच्या डोक्यावर टवटवीत लाल जास्वंद होती, पुढं दूर्वांची जुडी, आणि शेजारी ओला रुमाल अंथरलेली फुलांची परडी.

"छान आहेत फुलं," ती म्हणाली.

"सुपरमार्केटातली," बाळासाहेब मागून म्हणाले. तेही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

विनया गाडीत बसली तोच फोन वाजला. ग्रॅहम होता, आणि हसत होता.

"विनया, मजा ऐक. काल रात्री कुणीतरी वल्लरीच्या खात्यात शिरून तो सगळा डेटा पुसायचा प्रयत्न केलाय. तिच्या घरातूनच."

३

"मीच केलं," मकरंद पोंक्षे म्हणाला.

मकरंद बँकेच्या आयटी विभागात होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं विनयाला ऑफिसखालच्या कॅफेत बोलावलं होतं. कबुली त्यानं कॉफी यायच्या आत देऊन टाकली. रहस्याच्या दृष्टीनं हे फार गैरसोयीचं होतं.

"पण का?"

"काय का? मुलगी आहे माझी. पहाटे पळायला जाते, दुसरं काय! तिला घरात कोंडून ठेवणं म्हणजे... तुम्ही तिला ओळखत नाही. लोकांना गोवर वाटत फिरतेय आणि माझ्या तोंडावर सांगते की मी घरातच असते. तिच्या खात्यात ती लाल रेघ मीही पाहिली, म्हटलं, निदान पुरावा तरी काढून टाकावा."

"विचारलंत का तिला?"

"विचारलं तर खोटं बोलेल. मग मला ते खोटं ऐकावं लागेल." त्यानं कप नुसताच फिरवला. "आणि डिलीटही झालं नाही हो. वीस वर्षं आयटीत आहे मी. त्या सिस्टिमनं मला विचारलं, पुसण्याचं कारण निवडा. त्यात 'बाप' असा पर्याय नाही."

विनयाला पहिल्यांदाच या माणसाबद्दल आपुलकी वाटली.

तिनं वल्लरीच्या संघाच्या प्रशिक्षकाला, टानेला, पाचव्यांदा फोन लावला. टानेवर तिचा संशय होता, कारण जादा पॉड त्याच्याच कपाटात असत आणि संघाचा घाम कमी पडला तर अनुदान त्याचंच कापलं जाणार होतं. पण टाने सुट्टीवर उत्तरेला आपल्या गावी गेला होता, आणि तिकडे फोनला रेंज नव्हती. फोननं तिला निरोप ठेवायला सांगितलं. तिनं ठेवला. आधीचे चारही तिथंच पडून असणार.

संध्याकाळी तिनं वल्लरीला फोन केला. "तुझ्या बाबांना वाटतं तू पहाटे पळायला जातेस."

"आर यू सीरियस? आय थॉट इट वॉज हिम! मला वाटलं, बाबा माझा पॉड घेऊन वॉकला जातात. टु हेल्प. म्हणून मी काहीच बोलले नाही."

म्हणजे बाप मुलीला वाचवत होता, मुलगी बापाला. दोघंही एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर, एकमेकांचा गुन्हा पोटात घालून जेवत होते. पॉड मात्र तिसऱ्याच कुणाबरोबर हिंडत होता. आणि त्या तिसऱ्याला आपण हिंडतोय हे कुणालाच कळू द्यायचं नव्हतं.

४

त्या रात्री विनयानं लाल रेघा एकाखाली एक लावून पाहिल्या. वैताग एका मर्यादेपलीकडे गेला की माणूस नीट बघायला लागतो.

उताणं पडून कुणी चालत नाही, म्हणजे पॉड कुणाच्या पाठीवर नव्हता. तो कशात तरी आडवा ठेवलेला होता आणि ते जे काही होतं ते कुणीतरी हातात सांभाळून नेत होतं. पळणारी मुलगी इथंच बाद झाली. टानेही बाद झाला, कारण घाम दाखवायचा तर त्यानं पॉड पळवला असता. ही रेघ सावकाश चालायची आणि सारखी थांबायची.

आणि ती दर वारी निराळ्या ठिकाणी थांबायची. सोमवारी शाळेमागच्या एका बंगल्यापाशी. मंगळवारी कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी, म्हणजे ज्या दुकानात दूध, ब्रेड, लॉटरी आणि शेजाऱ्यांच्या बातम्या मिळतात तिथं, आणि तिथून लांब रेल्वेच्या कडेच्या मोकळ्या गवतात. गुरुवारी चर्चच्या वळणावर. शनिवारची रेघ तर वेड लागल्यासारखी होती: एका गल्लीत शिर, परत फिर, दुसरीत शिर, पुन्हा परत. काहीतरी शोधतेय आणि सापडत नाही, अशी.

गुरुवारी अंधार जरा विरळ होताच ती पापाटोएटोत पोचली आणि आधी डेअरीपाशी थांबली. कुंपणाला जास्वंदीचं झुडूप होतं, आणि झुडपाला पुठ्ठा टांगलेला: 'फुले तोडू नयेत. कॅमेरा चालू आहे.' इंग्रजीत, हिंदीत आणि गुजरातीत.

डेअरीवाला चिरागभाई शटर वर करत होता. "कॅमेरा नहीं है, बहेन," त्यानं आपण होऊन सांगितलं. "पण चोर आहे. मंगळवारचा चोर. थंडीत चार फूल येतात बिचाऱ्या झाडाला. मी ठाकोरजीला, आमच्या कृष्णाला, काय वाहू? आणि बघा, चोर पण कसा! कळी ठेवतो. फक्त उमललेलं नेतो. देठासकट, हळूच. फांदी मोडत नाही."

"मराठी छान बोलता."

"पनवेलला आठ वर्षं होतो ना."

कळी ठेवतो. फांदी मोडत नाही. विनया तशीच शाळेमागच्या बंगल्याकडे चालत गेली. कुंपणावर पांढऱ्या कॅमेलियाचा ढीग फुलला होता. मंगळवारी लाल जास्वंद. रेल्वेकडेच्या गवतात वाकून पाहिलं तर दूर्वा. आणि सोमवारी पांढरी फुलं.

श्रावण चालू होता. हे तिच्या लक्षात यायला बावीस वर्षांच्या न्यूझीलंडचा थर बाजूला सारावा लागला. सोमवारी शंकराला पांढरं. मंगळवारी गणपतीला लाल आणि दूर्वा. शनिवारी मारुतीला रुईची पानं, आणि रुई या देशात कुठंच नाही, म्हणून ती रेघ गल्लोगल्ली वेड्यासारखी भटकत होती. तिचे वडील नाशिकला हेच करायचे. शेजाऱ्यांच्या कुंपणावरची फुलं आपल्या देवाला वाहण्यात चोरी नसते, अशी त्यांची आणि त्यांच्या सगळ्या मित्रांची ठाम समजूत होती. शिवाय जास्वंद दिवसभरात मिटते. ती कुठलंच सुपरमार्केट विकत नाही.

आज गुरुवार. दत्ताला पिवळं. ती चर्चच्या वळणावर जाऊन उभी राहिली. तिथं कोव्हायचं झाड पिवळ्या झुपक्यांनी लगडलं होतं.

पाऊस नव्हता. तरी कुंपणापलीकडून एक मिटलेली छत्री सावकाश वर आली, आकडा फांदीत अडकला आणि फांदी नम्रपणे खाली वाकली.

५

"काका," विनया म्हणाली.

फांदी सुटली. बाळासाहेबांच्या टोपीवर पिवळ्या फुलांचा सडा पडला.

"मी फक्त बघत होतो."

"परडी दाखवता का जरा?"

"फुलं आहेत हो. देवाची आहेत." पण त्यांनी दाखवली. विनयानं ओल्या रुमालाचं टोक उचललं. खाली, फुलांच्या तळाशी, एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

बाळासाहेब तीन पावलं मागे सरले. "अरे बाप रे! काय आहे हे? बाँब आहे का? पोलिसांनी ठेवला?"

एवढं निर्मळ भय कुणाला सोंगात आणता येत नाही. म्हणजे पॉड घेऊन हिंडणारा माणूस सापडला होता, आणि आपण काय घेऊन हिंडतोय याचा त्याला पत्ताच नव्हता.

अर्ध्या तासानं पोंक्ष्यांच्या हॉलमध्ये सगळे जमले. वल्लरी मास्क लावून पॅसेजच्या टोकाला, मकरंद ऑफिसच्या कपड्यांत घड्याळ बघत, संपदा चहाचा ट्रे हातातच धरून. बाळासाहेब मध्यभागी, छत्रीसह.

"बाबा! मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, इथं फुलं तोडायची नाहीत!" मकरंद आधी कडाडला. "कुणी कंप्लेंट केली तर व्हिसा जाईल म्हणून!"

"म्हणून तर लपून आणत होतो," बाळासाहेब म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं हा बचाव बिनतोड होता. "देवाला काय सांगू, व्हिसा नाही म्हणून?"

"ते राहू द्या," विनया म्हणाली. "प्रश्न असा आहे की पॉड परडीत कुणी ठेवला. काकांनी नाही, ते आत्ताच त्याला घाबरलेत. मकरंद, तुम्ही नाही. तुम्हाला माहीत असतं तर मुलीवर संशय घेऊन डेटा पुसायला गेला नसतात. वल्लरी नाही, तिला वाटत होतं तो तुम्ही नेता. रात्री चार्जिंगला लावणारं आणि काका उठायच्या आत काढणारं माणूस घरात एकच आहे. आणि त्यांनी तो रुमालाखाली ठेवला, म्हणजे तो कुणाला तरी दिसू नये अशी त्यांची इच्छा होती."

सगळ्यांनी संपदाकडे पाहिलं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"देवापाशी ठेवत होते," ती म्हणाली. "दुसरं काही नाही. दहावीचं हॉलतिकीट नाही का ठेवत आपण? गाडीची किल्ली ठेवतो, पासपोर्ट ठेवला होता. सगळी शिष्यवृत्ती त्या डबीवर अवलंबून, म्हटलं सकाळची पूजा होईपर्यंत राहू दे देवाच्या पायाशी. देवापुढं उघडा ठेवला तर ही ओरडते. मागच्या वर्षी हिची स्टिक ठेवली होती तर दोन दिवस बोलली नाही."

"मम! यू पुट कुंकू ऑन इट!"

"थोडंसंच लावलं होतं. मग म्हटलं परडीत ठेवू, रुमालाखाली. परडी देवापाशीच असते ना! मी परत जाऊन पडायची. मला वाटायचं बाबा उठून गच्चीतली... मागच्या अंगणातली फुलं आणतात."

"मागच्या अंगणात पुदिना आहे," बाळासाहेब म्हणाले. "पुदिना कुठल्या देवाला वाहू?"

वल्लरी हसायला लागली. आधी मास्कच्या आत, मग मास्क बाजूला करून. ती मकरंदकडे बघून म्हणाली, "बाबा, यू थॉट आय वॉज आउट स्प्रेडिंग मीझल्स?"

"तू काय समजलीस मला? पहाटे उठून पॉड फिरवणारा?" मकरंद म्हणाला. "पहाटे मी कधी उठलोय?"

"आय नो. दॅट शुड हॅव बीन द क्लू."

विनयानं गार झालेला चहा प्यायला. नोकरीच्या सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात अख्खं सत्य होतं, कुठंही न फाटलेलं. खोटं कुणीच कळवलेलं नव्हतं. विलगीकरण कुणी मोडलेलं नव्हतं. बाळासाहेबांना लहानपणी गोवर येऊन गेला होता, त्यांनी कुठंही हिंडावं. आता हे फक्त ग्रॅहमला समजावून सांगायचं होतं.

६

ग्रॅहमनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं. मधे एकदा त्यानं 'श्रावण'चं स्पेलिंग विचारलं.

"म्हणजे यंत्र," तो शेवटी म्हणाला, "फुलांच्या टोपलीत होतं."

"हो."

"आणि टोपलीला ते ठाऊक होतं, पण आजोबांना नव्हतं."

"टोपलीलाही नव्हतं, ग्रॅहम."

"सुंदर. माझा शंभर टक्के विश्वास आहे." तो हसला, आणि विनयानं पुढचं ओळखलं. "आता यातलं कारण कुठलं?" त्यानं ड्रॉपडाऊन उघडला. दिसत होतं ते असं: आजार, दुखापत, हवामान, उपकरणातील बिघाड, शोक.

"उपकरणातील बिघाड?"

"त्याला कंपनीचं पत्र लागतं. कंपनी म्हणते, उपकरण उत्कृष्ट चाललंय. त्यांनी तर हा डेटा जाहिरातीत वापरू का म्हणून विचारलंय."

"'इतर' कुठंय?"

"'इतर' मागच्या वर्षी काढून टाकलं. सगळे तेच निवडायला लागले होते." त्यानं जरा विचार केला. "शोक चालेल का?"

"कुणी वारलेलं नाही."

"चहा थंड झाल्याचं म्हणालीस..."

"ग्रॅहम!"

"मग समितीपुढे न जुळणारा अहवाल म्हणून जाईल. न जुळणारा म्हणजे शिष्यवृत्ती बंद. मला वाईट वाटतं, विनया. खरंच." आणि हे म्हणताना तो हसला नाही, म्हणजे ते खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी समितीच्या आधी विनयानं तीन पानी निवेदन लिहिलं. त्यात परडी होती, वारांप्रमाणे फुलांचे रंग होते, रुईच्या पानांवर एक स्वतंत्र परिच्छेद होता. आयुष्यात तिनं इतकं तर्कशुद्ध काही लिहिलं नव्हतं, आणि ते जोडायला सिस्टिममध्ये जागा नव्हती. बाहेर पॅसेजमध्ये मकरंद आणि संपदा बाकावर बसले होते. बोलावलं नसताना आले होते. संपदाच्या मांडीवर डबा होता, आणि डब्यात देवापुढचा प्रसाद असणार हे विनयाला न विचारता कळलं.

समितीचं दार उघडलं, आणि त्याच क्षणी तिचा फोन वाजला.

"किया ओरा, टाने बोलतोय! अगं, पाच निरोप? आत्ताच रेंजमध्ये आलो. घरात सगळे ठीक ना?"

"टाने, वल्लरी पोंक्षेच्या पॉडबद्दल विचारायचं होतं..."

"वल्लरीला पॉड कुणी दिला?"

"तुम्हीच वाटलेत ना?"

"खोका ठेवला आणि म्हटलं एकेक उचला. तिनंही उचलला वाटतं. स्वीट अॅज, काही हरकत नाही, परत घेईन. ती कीपर आहे गं. कीपर काय पळणार? त्यांना पॉड नसतो, अहवालही नसतो. तुमच्याच नियमात लिहिलंय, शेवटच्या पानावर."

विनयानं नियम उघडला. शेवटच्या पानापर्यंत तो आजवर कुणी वाचलाच नव्हता. तिथं ते लिहिलेलं होतं.

समितीपुढे ग्रॅहमनं ड्रॉपडाऊन वर सरकवला. यादीच्या अगदी वर, पडद्याबाहेर राहिलेला, आणखी एक पर्याय होता: 'लागू नाही.' त्यानं तो निवडला. लाल रेघा गेल्या. समितीनं पुढचा विषय घेतला, पार्किंग.

बाहेर येऊन विनयानं सांगितलं तेव्हा संपदा रडली आणि मकरंदनं डबा उघडला. विनयानं शिऱ्याचा घास तोंडात टाकला, आणि मगच तिला पॅसेजमधल्या त्या दोन जाडजूड गाद्या आठवल्या. त्या पाहुण्यांच्या नव्हत्या. पायांना बांधायच्या होत्या.

वल्लरी पोंक्षे गोलकीपर होती.